आत्याच्या रेघोट्या

आमच्या आत्याने सदतीस वर्षं एकाच माणसाचं बोलणं लिहून घेतलं. लग्नाचं कोणी विचारलं की म्हणायची, "दिवसभर एकाचं ऐकून घेते, घरी आणखी एक कशाला?"

तो माणूस म्हणजे साहेब. आत्या परदेशातल्या वकिलातीत स्टेनो म्हणून रुजू झाली तेव्हा ते तिथले सर्वांत धाकटे सचिव होते, झिजलेल्या कॉलरचे. पुढे राजदूत झाले, निवृत्तीनंतर निवडणूक लढवून मंत्री झाले. बदली कुठेही होवो, त्यांच्या सामानात दोन गोष्टी ठरलेल्या असत, लोखंडी कपाट आणि आत्या. हे माझे वडील म्हणायचे, आणि आत्याला ते मुळीच खपायचं नाही.

शॉर्टहँड सगळे एकाच पुस्तकातून शिकतात, पण दहा वर्षांनी ज्याची त्याची रेघ वेगळी होते. आत्याची तर इतकी, की शेजारच्या टेबलावरच्या स्टेनोलाही ती लागत नसे. "सर्व बाजूंनी विचार करून" या साहेबांच्या लाडक्या शब्दांसाठी तिने एक इवलासा आकडा ठेवला होता. "दिवसातून वीसदा म्हणतात, करत एकदाही नाहीत. एवढा पुरे." पहिल्या वकिलातीत काम बेताचं होतं, तेव्हा जेवणाचे डबे बाजूला सारून साहेब हट्टाने तिची लिपी शिकले. बैठकीत ती समोरच्या पाहुण्याबद्दल चार रेघा ओढायची आणि साहेब त्या उलट्या बाजूने वाचून हसू दाबायचे. ही लिपी जगात दोघांनाच येते, असं ते कौतुकाने सांगायचे.

ते राजदूत होते त्या शहरात एकदा गोळीबार सुरू झाला. सगळ्यांना विमानाने काढायचं ठरलं. निघायच्या सकाळी, सामान गाडीत चढत असताना, साहेबांनी फाटकावरच्या पहारेकऱ्यासाठी हुकूम सांगितला आणि आत्याने उभ्याउभ्या लिहून घेतला. आतले कागद जळून होईपर्यंत त्याने फाटक सोडायचं नाही, दुपारी त्याला न्यायला गाडी परत येईल. टाइप करायला वेळ नव्हता म्हणून आत्याने तो त्याला वाचून दाखवला. वही तिच्या पर्समध्ये गेली.

"गाडी येईल ना बाई?" त्याने विचारलं.

"येईल हो. साहेबांनी सांगितलंय."

गाडी गेली नाही. त्याचं पुढे काय झालं, कोणालाच कळलं नाही. आठवड्याभराने साहेबांनी अहवाल सांगितला. पहारेकरी किल्ल्या टाकून पळाला, त्यामुळे दफ्तर लुटलं गेलं. आत्याने तो टाइप केला. तीन प्रती, चूक एकही नाही.

चौदा वर्षांनी एका दुपारी त्या पहारेकऱ्याची मुलगी आत्याच्या दारात उभी राहिली. तोवर आत्या निवृत्त झाली होती आणि साहेब मंत्री. "मावशी, मला काही नको," ती म्हणाली. "कागदावरचा 'पळाला' तेवढा काढायचाय. माझी आई तो शब्द ऐकतच गेली." आत्याने माळ्यावरची वही काढून तिला तो हुकूम वाचून दाखवला. मुलगी पदर तोंडाला लावून रडली. "म्हणजे बाबा थांबले होते," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. अहवाल कोणी टाइप केला, हे आत्या बोलली नाही. मला मात्र तिने त्या संध्याकाळी सांगितलं, आणि मी तिच्यावर भडकलो होतो.

मुलीच्या अर्जावर सुनावणी लागली. साहेबांना साक्षीला बोलावलं होतं आणि ते आलेही, आल्याबरोबर आत्याला त्यांनी तब्येत विचारली. चौकशी अधिकाऱ्याने वही आधी उलटी धरली, मग सुलटी.

"बाई, या तर रेघोट्या आहेत. तुम्ही म्हणता तेच यात आहे, हे मी कशावरून मानू?"

"साहेबांना वाचता येतं. त्यांना द्या," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात जराही शंका नव्हती. त्या बाईचा अजून त्या माणसावर विश्वास होता, आणि मला त्याचाच राग येत होता.

साहेबांनी चष्मा चढवला. ते वहीचं शेवटचं पान होतं. जागा संपल्यामुळे हुकुमाची शेवटची ओळ आत्याने पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आडवी लिहिली होती, गाडी परत येण्याची. साहेबांचं बोट पानाच्या तळाशी पोचलं. मग त्यांनी वही आडवी फिरवली आणि पुठ्ठ्यावरची ती ओळ टोकापर्यंत बघितली. अधिकारी तेव्हा फायलीत मान घालून बसला होता.

"नाही हो," साहेब चष्मा काढत म्हणाले. "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

मी ताडकन उठलो. "खोटं बोलतायत! आत्ता वाचलं त्यांनी!"

"तुम्ही कोण?" अधिकाऱ्याने विचारलं, आणि मला बाहेर काढलं.

दहा मिनिटांत अर्ज निकाली निघाला. बाहेरच्या बाकावर मुलीने आत्याचा हात धरून ठेवला होता. "मावशी, तुम्ही तरी खरं बोललात," ती म्हणाली.

आत्याने हात सोडवून घेतला. "तो शब्द मी टाइप केलाय, बाळ. त्यांनी सांगितला, मी टाइप केला."

मुलीने सांभाळायला घेतलेली आत्याची पर्स बाकावर ठेवली आणि जिना उतरून गेली.

आत्याने पर्स उघडून बघितली. "वही आतच राहिली रे," ती म्हणाली.

मी धावत गेलो. टेबल रिकामं होतं. शिपाई पाण्याचे ग्लास उचलत होता.

"ती निळी वही ना?" तो म्हणाला. "मंत्रीसाहेब घेऊन गेले."