एका दाखल्याच्या अकरा प्रती

आमच्या कॉलेजात लिनक्स जाणणारा एकच माणूस होता आणि तो म्हणजे मी, असं मीच सगळ्यांना सांगत असे. खोडून काढायला कोणी नव्हतं. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, पण आमच्या ऑफिसात वासरंसुद्धा संगणकाला हात लावायला घाबरत. त्यामुळे माझं शहाणपण तपासून बघायची वेळ फार दिवस आलीच नाही.

दोन हजार सहा-सातचा सुमार. हिंगोलीतल्या एका कॉलेजात मी कनिष्ठ लिपिक होतो. पोरांच्या पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसनं सगळे हैराण झाले होते. मी एका मासिकाबरोबर आलेली सीडी घालून आपल्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स चढवलं आणि प्राचार्यांना सांगितलं, याला व्हायरस लागत नाही. त्यांनी उरलेल्या दोन्ही संगणकांवरही चढवायला लावलं. एक परीक्षा विभागात होता, व्हरांड्याच्या टोकाला, त्याला नवा लेझर प्रिंटर जोडलेला. दुसरा मागच्या इमारतीत ग्रंथालयात, त्याला पुस्तकांच्या याद्या काढायचा जुना प्रिंटर, छापताना किर्र किर्र ओरडणारा. तिन्ही संगणक मी तारेनं एकमेकांना जोडले. मी माझ्या खुर्चीत बटण दाबायचं आणि कागद परीक्षा विभागात निघायचा. पहिल्या दिवशी मी हा चमत्कार सगळ्या स्टाफला चार चार वेळा दाखवला. दुसऱ्या दिवशी कोणी बघायला आलं नाही, तरी मी दाखवला.

मग मला नियम करायची हौस आली. कोणीतरी छापता छापता कागद ओढला आणि प्रिंटर अडकला, म्हणून मी तिन्ही खोल्यांत सूचना चिकटवली : ‘प्रिंटरमधून निघालेल्या कागदांना कोणीही हात लावू नये. संबंधित लिपिक स्वतः घेऊन जाईल. आज्ञेवरून.’ आज्ञा कोणाची, हे कोणी विचारलं नाही. माझीच होती. दुसरा नियम प्राचार्यांच्या गळी उतरवला. या वर्षापासून टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, फक्त संगणकावर छापलेला द्यायचा. हातानं लिहायची पुस्तकं मी कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. ती पुस्तकं तीस वर्षं आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, लिहीत होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. मी त्यांना म्हणालो, “आता तुम्हाला आराम.” त्यांनी चष्मा पुसला आणि बरं म्हणाले.

आमच्याकडं तेव्हा सकाळचं लोडशेडिंग असे. दहाला लाइट यायची आणि ऑफिस उघडायचं. त्या दिवशी लाइट आली आणि पाठोपाठ एक मुलगी नि तिचे वडील टेबलापुढं येऊन उभे राहिले. तांड्यावरची माणसं, वडिलांच्या डोक्याला पागोटं. मुलगी आमच्याच कॉलेजातून बारावी झालेली. नांदेडला नर्सिंगच्या शाळेत तिचं नाव यादीत लागलं होतं आणि तो शेवटचा दिवस होता. तीन वाजता तिथली खिडकी बंद होणार. मूळ टीसीशिवाय प्रवेश नाही. साडेअकराच्या एसटीत बसलं तर अडीचला पोचता येत होतं. हे सगळं तिनं मला दोन वाक्यांत सांगितलं. वडील म्हणाले, “सायेब, तेवढं लवकर करा. तांड्यातून पयलीच हाय, नर्स व्हनारी.”

मी म्हणालो, “दोन मिनिटं. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं.” मुलीला ग्रंथालयातून बेबाकीची चिठ्ठी आणायला पाठवलं, म्हणजे पुस्तकं परत केल्याची. नाव काढलं, बटण दाबलं. पडद्यावर आलं, छपाई पूर्ण. मी ऐटीत परीक्षा विभागात गेलो. प्रिंटर कोराच बसला होता. परत येऊन पुन्हा छापलं. पुन्हा छपाई पूर्ण. पुन्हा गेलो. काही नाही.

मग माझ्या अंगात आलं. प्रिंटर बंद करून चालू केला. शाईचं काडतूस काढून हलवलं आणि हात काळे करून घेतले. तारा उपसून खोचल्या. माझ्या संगणकावरची छपाईची सेवा बंद करून परत सुरू केली, प्रिंटरची नोंद पुसून नव्यानं केली. काळ्या पडद्यावर असे लांबलचक आदेश दिले, की मागं उभे असलेले बडे बाबू दबून जातील असं मला वाटलं. ते दबले नाहीत. त्यांनी विचारलं, “त्या परीक्षावाल्या कॉम्प्युटरवरच का छापून घेत नाही? पेनड्राइव्हात घेऊन जा.”

मी म्हणालो, “तो पळवाटीचा मार्ग झाला. दोष मुळात शोधावा लागतो.”

“मग चाबी द्या कपाटाची. पाच मिनिटांत लिहून देतो.”

“आता हातानं लिहिलेली चालत नाही,” मी म्हणालो. न चालण्याचा नियम माझाच होता, पण मी तो घटनेत लिहिल्यासारखा सांगितला.

एवढ्यात मुलगी चिठ्ठी घेऊन परत आली. “सर, माझी टीसी तिकडं ग्रंथालयात निघून राहिली.”

मी पडद्यावरून डोळे न काढता म्हणालो, “तिथला प्रिंटर पुस्तकांच्या यादीचा आहे. यादीत तुझं नाव असेल. बस तू.”

ती बसली नाही. परत गेली आणि थोड्या वेळानं पुन्हा आली. “सर, बराबर बघितलं मी. टीसीच हाय. चार निघाल्या. ग्रंथालयातल्या बाई हात लावू देईनात, तुमची सूचना हाय म्हनतात.”

आता मी तिच्याकडं वळलो आणि चार माणसांत म्हणालो, “तुला नेटवर्कमधलं काही कळतं का? कळत नसलं तर गप बसावं.”

वडिलांनी तिचा हात धरून तिला बाकावर बसवलं. “बस माय. सायबांना कळतंय त्यातलं.”

साहेब तासभर त्यातलं कळून घेत राहिले. साडेअकराची एसटी गेली. वडिलांनी बाकावरून उठून एकदा रस्त्याकडं पाहिलं आणि परत बसले. मुलगी माझ्याकडं बघत होती, हे मला पाठीला कळत होतं. मी अजून जोरात बटणं दाबत होतो.

साडेबाराला ग्रंथपाल बाई डबा खायला निघाल्या होत्या, त्या ऑफिसात डोकावल्या. “अहो, तुमचे कागद कधी नेताय? सकाळपासून निघून राहिलेत. आता प्रिंटरातला कागद संपला, लाल दिवा लागलाय. नवे लावायचे की नाही, ते काही सूचनेत लिहिलेलं नाही.”

मी धावत गेलो. प्रिंटरवर टीसीच्या अकरा प्रती होत्या. एकाखाली एक, सरळ रेषेत पडलेल्या, कोणी हात न लावलेल्या. प्रत्येकीवर त्या मुलीचं नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. मध्ये मध्ये माझी चाचणीची पानं.

झालं होतं ते अगदी साधं. तिन्ही संगणकांना जोडणारा जो डबा होता, तो लाइट आली की ज्याला त्याला नंबर वाटायचा. जो आधी उठेल त्याला आधीचा नंबर. रोज परीक्षा विभागाचा संगणक पहिला उठायचा. त्या दिवशी तिथला माणूस उशिरा आला आणि ग्रंथपाल बाई वेळेवर आल्या. त्यामुळे परीक्षा विभागाचा नंबर ग्रंथालयाला गेला. माझा संगणक इमानेइतबारे जुन्या नंबरावर कागद धाडत होता. दोन्हीकडच्या प्रिंटरांना मी आळसानं एकच नाव दिलं होतं, म्हणून एकाही संगणकानं तक्रार केली नाही. नोंद पुसून नव्यानं करताना मी तोच नंबर पुन्हा घातला होता, तोही तोंडपाठ आहे या अभिमानानं. नंबर कायमचे बांधून ठेवायचे असतात, हे मला माहीत होतं. ते काम मी उद्यावर टाकलं होतं, बहुतेक सूचना टाइप करायच्या गडबडीत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं बडे बाबू म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी एक प्रत उचलली, प्राचार्यांची सही आणली, शिक्का मारला. मग नांदेडला फोन लावून माझ्या हातात दिला.

तिकडचा लिपिक म्हणाला, “तीनला खिडकी बंद. उद्या अकराच्या आत तुमच्या कॉलेजचं पत्र घेऊन पोरीला हजर करा. उशीर काहून झाला ते साफ लिहा. म्याडमला दाखवतो. होईलच असं म्हणत नाही.”

एक वाजता नांदेडची दुसरी गाडी होती. त्या गाडीनं जायचं आणि रात्री नांदेडात पाहुण्यांकडं राहायचं, असं वडिलांनी ठरवलं. म्हणजे पत्राला दहा मिनिटं होती. मी सवयीनं संगणकाकडं वळलो. बडे बाबूंनी माझ्यापुढं लेटरहेड आणि पेन ठेवलं. तीन वर्षांत मी हातानं सहीपलीकडं काही लिहिलं नव्हतं. माझं अक्षर बघून मलाच कसंतरी झालं. तरी लिहिलं : ‘तांत्रिक कारणास्तव सदर विद्यार्थिनीस दाखला देण्यास विलंब झाला आहे. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ सही केली आणि मुलीपुढं सरकवलं.

तिनं उभ्या उभ्या वाचलं. “सर, तांत्रिक म्हंजे काय ते लिहा ना. असे कागद तिकडं समदेच आणत असतील.”

“अगं, ऑफिसात असंच लिहितात.”

“मी दोनदा सांगितलं व्हतं तुमाला. ते लिहा.”

“जाऊ दे माय,” वडील म्हणाले.

“जाऊ दे कसं? सीट माझी जाऊन राहिली.” तिचा आवाज चढला नव्हता. डोळे मात्र भरले होते.

ऑफिसात सगळे आपापल्या कागदांत बघायला लागले. मला शरम वाटली. लिनक्स, नेटवर्क, आज्ञेवरून, सगळं एका बाजूला आणि अठरा वर्षांच्या पोरीनं खरं सांगितलेलं दुसऱ्या बाजूला. तिला कळत होतं आणि मी तिला गप बसवलं होतं, यात तांत्रिक काही नव्हतं. मी नवं लेटरहेड घेतलं. लिहिलं : ‘दाखला सकाळी सव्वादहा वाजताच छापून झाला होता. तो ग्रंथालयात निघत असल्याचे विद्यार्थिनीने मला दोन वेळा सांगितले. मी ऐकले नाही. चूक सर्वस्वी माझी असून विद्यार्थिनीची काहीही नाही.’

तिनं ते दोनदा वाचलं. “आता बराबर हाय,” म्हणाली आणि घडी न घालता पिशवीतल्या वहीत ठेवलं. बडे बाबूंनी नक्कल काढून घेतली आणि बापलेक स्टँडकडं पळाले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी फोनजवळ बसलो. संगणक चालू केलाच नाही. बाराला फोन वाजला. नांदेडच्या एसटीडी बूथवरून ती बोलत होती. “सर, झालं. घेतलं मला.” मग वडिलांना काहीतरी सांगायचं होतं, पण पैसे संपून फोन कटला.

माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी समोरचं पहिलं हाताला लागलेलं रजिस्टर उघडलं. ते जावक रजिस्टर होतं. कॉलेजातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची नोंद त्यात होते, विषयासकट, आणि ते पुढं कायम कपाटात राहतं. कालच्या पानावर शेवटची ओळ बडे बाबूंच्या मोत्यासारख्या अक्षरात होती. जावक क्रमांक, तारीख, कोणास पाठवले, सगळं नियमाप्रमाणं. आणि विषयाच्या रकान्यात : ‘न ऐकल्याबाबत.’