पंपघरातली उदबत्ती

एकोणीसशे साठ साल उलटल्यानंतरच्या एका खंडेनवमीला, सकाळी, अकोल्याच्या तेलाच्या डेपोत पेट्रोलच्या वॅगनी रिकाम्या करण्याचे काम मी लाल झेंडी दाखवून थांबवले. पंपघरात उदबत्ती पेटलेली होती.

डेपो गावाबाहेर, रेल्वेच्या सायडिंगला लागून होता. जहाजाने मुंबईला उतरलेले तेल टाक्यांच्या वॅगनींतून इथे येई आणि पुढे टँकरने दर्यापूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळीकडे जाई. इंजिनाच्या शेगडीत निखारे असल्यामुळे त्याला फाटकाच्या आत प्रवेश नव्हता. वॅगनी आणि इंजिन यांच्यामध्ये रिकामे डबे जोडत आणि वॅगनी आत ढकलून इंजिन मागे जाई. मग ठिणगी पडू नये म्हणून प्रत्येक वॅगनीला जमिनीत गाडलेली तांब्याची तार जोडायची, नंतर नळी, नंतर व्हॉल्व्ह, शेवटी पंप. हा क्रम बदलायचा नाही.

वॅगनीवरच्या माणसाला साठवणीची टाकी दिसत नसे. टाकीवर माप घेणाऱ्याला वॅगन दिसत नसे. मध्ये पंपघर होते आणि पंप सुरू झाला की हाकही ऐकू जात नसे. म्हणून दोघांना दिसेल अशा उंच लोखंडी चौथऱ्यावर एक माणूस दोन झेंड्या घेऊन उभा राही. तो मी. हिरवी दाखवली की सुरू, लाल दाखवली की बंद. काम चालू असताना झेंडीवाल्याशी कोणी बोलू नये, असा नियम होता. तो सगळे पाळत, काम संपल्यावरही.

फाटकावर पत्र्याचा डबा होता. आत येणाऱ्याने बिडी-माचिस त्यात टाकायची, मग पहारेकऱ्याने खिसे चाचपायचे. दुपारी सगळे बाहेर लिंबाखाली बिड्या ओढत बसत. मी बिडी ओढत नव्हतो. माझे घर अमरावतीला. डेपोच्या मागे, कुंपणाबाहेरच्या खोलीत मी एकटा राहत होतो. संध्याकाळी पाचनंतर कुणाचा आवाज ऐकायचा तर स्टेशनपर्यंत चालत जावे लागे.

माझ्याशी बोलणारा एकच माणूस होता, पंप चालवणारा. वयाने पन्नाशीचा. मी त्याला काका म्हणे, तो मला बाबू. डबा उघडला की तो अर्धी भाकर माझ्याकडे सरकवी. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. एकदा म्हणाला, "दिवसभर झेंड्या हालवता, घरी गेल्यावर बायकोले कोणती दाखवसान?" माझे लग्न झालेले नाही, असे मी सांगितले. "मंग तं लालच," तो म्हणाला.

तो अनेक वर्षे हंगामी होता. येत्या दिवाळीपर्यंत त्याला कायम करणार, असे नागपूरच्या कार्यालयाने कळवले होते. हे त्याने मला बऱ्याच वेळा सांगितले होते.

खंडेनवमीला हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. मी येण्याआधी त्या दिवशी सहसा वॅगनी नसत. पंप थंड असे, आणि काका त्याच्यापुढे निरंजन लावून कापूर ओवाळी. मी आल्यावर त्याला सांगितले की आत ज्योत चालणार नाही. हळदकुंकू वाहा, हार घाला, नारळ बाहेर फोडा. त्याने मान्य केले होते. त्या वर्षी मात्र खंडेनवमीलाच सकाळी वॅगनी आल्या.

वॅगनीवरचा गडी बौद्ध होता. छप्पन्न सालानंतर त्याच्या घरी खंडेनवमी नव्हती, त्यामुळे तो रोजच्यासारखा कामावर आला. तारा जोडल्या, नळ्या लावल्या, झाकणे उघडली. मी हिरवी दाखवली. व्हॉल्व्ह उघडला, पंप सुरू झाला. पंप सुरू केला की काका दारात येऊन हात वर करी. तो आला नाही. मी जाळीच्या खिडकीकडे पाहिले. तिथून धुराची बारीक रेघ बाहेर येत होती.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीला धरून पसरते आणि सखल जागी साचते. पंपघराची जमीन आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली होती.

मी लाल दाखवली. व्हॉल्व्ह बंद झाला, पंप थांबला. मी उतरून पंपघरात गेलो. पंपाला झेंडूचा हार होता, कुंकवाचे स्वस्तिक होते. समोर केळ्यात खोवलेली उदबत्ती जळत होती. तांब्यात पाणी होते. मी उदबत्ती त्यात बुडवली.

"कावून थांबवलं, बाबू?"

"काका, हे काय?"

"ज्योत कुठी हाय तिले? तुमी ज्योत नको म्हणलं, म्या नाई लावली. निरंजन घरीच ठेवलं. कापूरबी नाई आणला."

"पेटवली कुठे?"

"फाटकाभायेर. माचिस डब्यात टाकली, मंगच आत आलो. विचारा त्याले."

पहारेकरी मागे येऊन उभा होता. "टाकली, साहेब. डब्यात हाय."

"आणि जळती उदबत्ती आत जाऊ दिली?"

"खिशात थोडी होती? हातात होती. अन् देवाची हाय."

हे मला नागपूरला कळवावे लागेल, असे मी म्हणालो.

"कळवा," काका म्हणाला. "देवाले लाल झेंडी दाखवनारा मानूस पयल्यांदाच पायला."

पहारेकरी हसला. काकाने हार सारखा केला. मग आवाज खाली घेऊन विचारले, "दिवाळी झाल्यावर कळवलं तं नाई जमनार?"

"नाही."

पंपघराची दारे-खिडक्या उघडून आम्ही थांबलो आणि दुपारनंतर वॅगनी रिकाम्या केल्या. त्या दुपारी डबा उघडला तेव्हा तो लिंबाखाली इतरांत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. दर वर्षी संध्याकाळी माझ्या खोलीवर सोने द्यायला काका आधी येई, त्याच्या मागून बाकीचे येत. मी आपट्याची पाने ताटात काढून ठेवली आणि दार उघडे ठेवले. कोणी आले नाही. चार दिवसांनी वाळलेली पाने मी बाहेर टाकली.

नागपूरहून अधिकारी चौकशीला आले. वॅगनीवरच्या गड्याने सांगितले की तो व्हॉल्व्हकडे बघत होता. टाकीवरच्याने सांगितले की त्याला तिथून पंपघराची पाठ दिसते. दोन्ही खरे होते. पहारेकऱ्याने काहीच आठवत नसल्याचे सांगितले. काकाने उदबत्ती नाकारली नाही. अधिकाऱ्यांनी मला विचारले, धूर पाहिला तेव्हा व्हॉल्व्ह उघडा होता का. मी हो म्हणालो. हे सांगणारा मी एकटाच होतो.

दिवाळीपूर्वी हुकूम आला. पहारेकऱ्याला दुसऱ्या डेपोत पाठवले. काकाला पंपावरून काढून फाटकावर नेमले, हंगामी म्हणूनच. पंपावर नागपूरकडचा एक माणूस आला. त्याचे काम चोख होते. तो डबा पंपघरामागे एकटा बसून खाई.

त्यानंतर रोज सकाळी फाटकावर काका माझे खिसे चाचपी. माझ्याकडे माचिस नसते, हे त्याला ठाऊक होते. तरी तो वरचे खिसे, खालचे खिसे, रुमालाची घडी, सगळे पाही. पिशवी उघडायला लावी. "हात वर," एवढेच म्हणे. झाले की, "जा." मला बाबू म्हणणे त्याने सोडले. एकदा मी विचारले, "काका, तब्येत कशी आहे?" त्याने माझ्या मागे उभ्या असलेल्या टँकरच्या ड्रायव्हरला पुढे बोलावले.

पुढच्या खंडेनवमीला फाटकाला झेंडूचा हार होता. उदबत्ती नव्हती.

काही वर्षांनी मला अमरावतीच्या एका वर्तमानपत्रात नोकरी मिळाली. डेपोतल्या शेवटच्या सकाळी मी झेंड्या आणि खोलीची किल्ली परत करायला गेलो. काका तोवर कायम झालेला नव्हता. त्याने मला हात वर करायला सांगितले, चारही खिसे चाचपले, झेंड्यांच्या काठ्या उलट्या करून पाहिल्या आणि फाटक उघडले.