युदोमारचा दोर

आमच्या बेटावर, विलेमस्टाडच्या बंदराला पाहुण्यांचं मोठं जहाज लागलं की माणसं आधी तरंगता पूल बघतात, मग रंगीत घरं, आणि मग माझ्या खानावळीवरून वास घेत पुढं जाऊन युदोमारच्या गलबताचे फोटो काढतात. खायला थांबत नाहीत मेले! ते गलबत मात्र सगळ्या जगात पोचलं असेल. पुढची टोकदार निळी नाळ, पिवळे काठ, वर ताडपत्री, खाली केळी आणि पपया. युदोमार छाती काढून उभा राहायचा. ती फळं गलबतातून आलेलीच नसायची, गोदामातून आणलेली असायची. पण मी कशाला कुणाला सांगतेय?

पूर्वी खरंच गलबतातून यायची. समोरच्या व्हेनेझुएलात ला वेला म्हणून बंदर आहे, तिथून गलबतं भरून यायची आणि माल संपला की परत जायची. युदोमार त्यातलाच. बायको नेरेइदा तिकडं, धंदा इकडं. मग एका वर्षी तिकडच्या सरकारनं समुद्रच बंद करून टाकला. येणं नाही, जाणं नाही. बाकीच्यांनी गलबतं विकली, कुणी अंधारात निसटले. हा राहिला. "गलबत टाकून गेलो तर तिथं खाऊ काय? उघडेल गं, तांता," म्हणायचा. मी त्याची कुणी लागत नाही, पण बेटावर वयानं मोठी बाई सगळ्यांचीच तांता.

पुलावर नारिंगी झेंडा चढला की समजायचं, लहान होडी येतेय किंवा जातेय, पूल थोडाच वेळ उघडणार. निळा चढला तर मोठं जहाज. नारिंगी दिसला की हा गिऱ्हाइकाच्या हातातली पपई तशीच सोडून पळायचा.

"अरे, धंदा सोडून कुठं उंडारतोस?" मी ओरडायची.

"ला वेलाचं गलबत असेल तर?"

कधीच नसायचं. परत येऊन माझ्याकडची गार कॉफी प्यायचा. मला त्याचा राग यायचा आणि लगेच रागाचीच लाज वाटायची.

आता दोराचं सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. आमच्या धक्क्यावर कायदा एकच, ज्याचा दोर त्याची जागा. तुमचा दोर धक्क्याच्या लोखंडी कड्यात आहे तोवर जागा तुमची. दोर काढून एक रात्र कुठं गेलात की सकाळी दुसऱ्याचा दोर तिथं असणार, आणि भांडायला तोंड नाही. युदोमारच्या शेजारचा होडीवाला अरिस्तिदेस त्या जागेवर टपलेलाच होता. हसून बोलायचा, पण नजर सारखी कड्यावर.

माझा दीर रुथमिलो पलीकडच्या काठावर गलबतं दुरुस्त करतो. तो दरवर्षी येऊन सांगायचा, "युदोमार, आठवडाभर गलबत काठावर ओढू या. तळ खरवडू, डांबर लावू. या कोंडलेल्या पाण्यात लाकडाला किडा लागतो, बाबा. बाहेरून दिसत नाही."

"आणि माझी जागा? हा अरिस्तिदेस राखील होय?"

"राखीन की," अरिस्तिदेस म्हणायचा. "माझाच दोर बांधून राखीन!"

सगळे हसायचे. युदोमारही हसायचा आणि रंगाचा डबा घेऊन पुन्हा नाळेपाशी बसायचा. पाण्यावरचं तेवढं रंगवायचा. दरवर्षी रंग नवा आणि दरवर्षी सकाळी गलबतातून उपसायचं पाणी जास्त. आधी उपसून झालं तरी कॉफी गरम असायची. मग कोमट व्हायला लागली. मग मी कॉफी उशिराच करायला लागले.

आणि एक दिवस उघडला समुद्र! रेडिओवर सांगितलं तेव्हा हा भर बाजारात मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

रुथमिलो धावत आला. "आता तरी ओढ वर. एवढी वर्षं थांबलास, आठ दिवसांनी काय होतंय?"

"नेरेइदाला सांगून बसलोय, उद्या निघतो म्हणून. आणि त्यांनी परत बंद केला म्हणजे?"

रुथमिलो मान हलवत परत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दोर सोडला. तो इतका आवळून बसला होता की सुरीनं कापावा लागला. अरिस्तिदेसनं त्याला मिठी मारली, खरी मारली, डोळे पुसले. मी नेरेइदासाठी खारवलेल्या मांसाचा डबा दिला. पुलावर घंटा झाली आणि नारिंगी झेंडा चढला. या खेपेला तो युदोमारसाठी होता. पूल बाजूला सरकला, कठड्यावरच्या पाहुण्यांनी हात हलवले, फोटो काढले. त्यानं टोपी काढून सगळ्यांना सलाम केला.

पूल ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढं किल्ल्यापाशी खाडी समुद्राला मिळते, तिथं पहिली खरी लाट आली आणि गलबत तिच्यावर चढलंच नाही. नाळ खाली गेली. तो उपसत होता, आम्हाला काठावरून दिसत होतं, नुसता उपसत होता. पाहुणे अजून हातच हलवत होते. अहो, थांबा की, माणूस बुडतोय!

बंदराच्या होडीनं त्याला वर काढलं. गलबत गेलं. रुथमिलोनं वाहून आलेली एक फळी उचलली, तर ती त्याच्या हातात पावासारखी चुरली. इतकी वर्षं साचलेल्या पाण्यानं धरून ठेवली होती, एवढंच.

संध्याकाळी युदोमार माझ्या बाकावर टेबलाचं कापड पांघरून बसला होता. समोर कड्यात अरिस्तिदेसचा दोर होता. कायदा युदोमारलाही माहीत होता.

त्याचा फोन समुद्रात गेला, म्हणून नेरेइदानं माझ्या फोनवर लावला. मी फोन सरळ त्याच्या हातात दिला. बाईचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं. तिला वाटलं, माझा फोन तो बरोबरच घेऊन गेलाय.

"निघालास का रे?"

"निघालो."

"पूल ओलांडलास?"

"ओलांडला."

"मग सकाळी बोकडाचं कालवण चढवते. येईस्तोवर शिजेल."

युदोमारनं माझ्याकडं बघितलं. मी मान फिरवली.

"चढव," तो म्हणाला.