मुख्याध्यापकांच्या खणातली किल्ली

खुलताबादच्या पुढं एका गावातल्या हायस्कूलात मी गणित शिकवायचे. तिथं मुलींसाठी एकच संडास होता, आणि त्याला कायम कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. उघडं ठेवलं की मुली घाण करतात, असं सरांचं मत होतं. मुलांचा संडास उघडाच असायचा. मुलं बहुधा अत्तर शिंपडून येत असावीत.

पाळी आलेली मुलगी पन्नाशीच्या पुरुषाकडं किल्ली मागायला जात नाही. ती घरी जाते आणि चार दिवस येत नाही. हे सरांना कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

मग शाळेला पॅडचं मशीन भेट मिळालं. फीत कापली, फोटो निघाले. पाहुण्यांनी लांबलचक भाषण केलं, त्यात ‘पाळी’ हा शब्द एकदाही आला नाही. ‘तो विषय’, ‘ती अडचण’, एवढंच. चोरीला जाऊ नये म्हणून मशीन सरांच्याच केबिनमध्ये बसवलं. त्यातून एकही पॅड निघालेलं मी पाहिलं नाही.

नववीत एक मुलगी होती, माझ्याआधी उत्तर काढणारी. दर महिन्याला गैरहजर, म्हणून सरांनी तिच्या आईला बोलावलं. ती मजुरी बुडवून आली. सर तिला शिक्षणाचं महत्त्व सांगू लागले, पालकच कसे बेफिकीर असतात तेही सांगितलं. मी बाजूला वह्या तपासत गप्प बसले होते. गप्प बसणं मला जमायचं. किल्ली मागायला नको म्हणून तीन वर्षं मी शाळेत पाणीच कमी प्यायचे.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश विचारलं, “सर, तुमाला लघवीला जायचं असलं तर तुमी कुणाला इचारता?”

सर कागद चाळायला लागले.

“माझ्या लेकीला तुमाला इचारावं लागतं, म्हून म्हणते.”

मी उठले, खण उघडला, किल्ली घेतली. जाऊन संडासाचं कुलूप काढलं. आत जाळीजळमटं, नळाला पाणी नाही. त्या बाईनं पदर खोचला आणि आम्ही दोघींनी हापशावरून बादल्या आणल्या.

कुलूप परत लागलं नाही. पुढच्या पालकसभेत सरांनी उघडा संडास हा शाळेचा उपक्रम म्हणून सांगितला, टाळ्याही घेतल्या. मुलगी दहावी चांगली पास झाली, आता शहरात डिप्लोमा करते. शाळेच्या अहवालात ते यश ‘मुख्याध्यापकांच्या मार्गदर्शनामुळे’ आहे.