शटरआडचं गाणं

परवा नातीनं टीव्हीवर कसलीशी वाहिनी लावली. दिवसभर नुसती गाणी, एक संपलं की दुसरं. आणि बघत कुणीच नव्हतं. नात फोनवर, सून स्वयंपाकघरात. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बंद कर ते! आमच्या आत्तीला जन्मात एकच गाणं बघायचं होतं, आणि तेवढंही तिला बघू दिलं नाही मेल्यांनी.

आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आमचे आजोबा कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत सुतार होते, सिनेमातली लाकडी देवळं नि चावड्या ठोकायचे. साठच्या दशकातली गोष्ट. एका तमाशाच्या सिनेमात नाचातली एक पोरगी आलीच नाही, आणि आजोबांचा डबा घेऊन गेलेल्या आत्तीला तिच्या जागी उभं केलं. पहिल्या रांगेत, अगदी डावीकडं. चाळ बांधून नाचली बिचारी. पण सिनेमा लागायच्या आत तिचं लग्न झालं, शाहूवाडीकडं, डोंगरातल्या गावात. सासऱ्यानं बजावलं, "नाचलीस ती नाचलीस, आता शिनेमाचं नाव काढायचं न्हाय." इकडं कोल्हापुरात थेटर तुडुंब, आणि तिकडं आमची आत्ती गुडघाभर चिखलात भाताची रोपं लावतेय! नवरा गेल्यावर ती माहेरी आली, तोवर तो सिनेमा कधीच उतरला होता.

मग ऐंशीच्या दशकात टीव्ही आला. आमच्या गल्लीत पहिला टीव्ही घेतला गुळाच्या एका अडत्यानं. सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. लाकडी पेटीतला टीव्ही, पुढं सरकतं शटर, वर विणलेला रुमाल. आठवड्यातून एकदा संध्याकाळी अर्धा तास मराठी सिनेमातली गाणी लागायची. कुठली लागणार ते आधी कळायचं नाही. त्या दिवशी आत्ती भाकऱ्या लवकर थापायची आणि ठेवणीतलं लुगडं नेसायची. आई चेष्टा करायची, "वन्सं, गाणी बघाया निघालाय का लग्नाला?"

"आज लागतंय बघ," आत्ती म्हणायची.

पण आण्णांची एक रीत होती. लावणी सुरू झाली, की हे महाशय उठायचे आणि खर्रकन शटर ओढायचे. "आयाबाया बसल्यात," म्हणायचे. आवाज मात्र चालूच! म्हणजे ऐका, बघू नका. नाच संपला की पुन्हा शटर उघडणार. आणि हाच माणूस कट्ट्यावर रंगात आला की आत्तीच्याच सिनेमाचं नाव घेऊन सांगायचा, त्या नाचाला आम्ही पटकं उडवलं, पडद्यावर चिल्लर फेकली. वा रे शहाणा! तेव्हा आयाबाया कुठं गेल्या होत्या?

मी आत्तीला म्हटलं, आण्णांना आधीच सांगून ठेवू या, शटर ओढू नका म्हणून. ती घाबरली. "नगं गं बाई. माझ्या भावाचं नाक जाईल गल्लीत." ती सिनेमात नाचल्याचं गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळं ती दर आठवड्याला नुसती आशेवर जाऊन बसायची, बायकांच्या मागच्या ओळीत, भिंतीला टेकून.

आणि एकदा लागलं. ढोलकीची पहिली थाप पडली आणि आत्तीनं माझा हात असा आवळला, की बांगडी रुतली. दुसऱ्या थापेला आण्णा उठले. खर्रकन शटर! "आयाबाया बसल्यात."

शटरामागं गाणं चालू. चाळ वाजतायत, पुढं बसलेले पुरुष गालात हसतायत, आण्णांची मान तर डोलतेय! मी उठणार, एवढ्यात आत्तीच उठली. डोक्यावरचा पदर घट्ट धरून बायकांमधून वाट काढत पुढं गेली.

"आण्णा, तवा पटकं उडीवलासा, आन् आता दार लावतासा व्हय?"

"आक्का, खाली बसा. बायकांनी बघायचं न्हाय ते."

"बायकांनी नाचायचं, आन् बघायचं बाप्यांनी? त्यात मी हाय! पयल्या रांगंत हाय!"

तिनं स्वतःच्या हातानं शटर बाजूला सारलं. पण गाणं संपतच आलं होतं. नाचणाऱ्या पोरी पाठमोऱ्या होऊन आत निघाल्या होत्या. नऊवारीतल्या पाठी, वेण्या, बस्स. अगदी डावीकडची पाठ पडद्याआड जाईस्तोवर आत्ती वाकून बघत राहिली. मग बातम्या लागल्या.

पुढच्या आठवड्यात आण्णांनी निरोप धाडला, शटर उघडं ठेवतो, पुढं खुर्ची मांडतो, या. काय उपकार! आत्ती गेली नाही. ते गाणं परत लागलं की नाही, देव जाणे. आत्ती जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. पण त्या संध्याकाळी घरी परतताना ती गल्लीच्या मधोमध थांबली होती. रडत नव्हती, चिडली होती.

"साऱ्या कोल्हापूरच्या बाप्यांनी माझं त्वांड बघितलं," ती म्हणाली, "आन् मला दावली ती पाठ."