अमेरिकेच्या एक वर्ष पुढे

रेगे अमेरिकेबद्दल बोलायचे ते घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसे, आवाज उतरवून आणि थोडी मान हलवून. आम्ही दोघं आम्स्टरडॅमच्या एकाच ऑफिसात होतो आणि जवळच्या आल्मेरे गावात शेजारच्या गल्ल्यांत राहायचो. मी नवीन होते. कॅन्टीनमध्ये पहिल्यांदा समोर बसले, तेव्हा ताक आणि चीजचा ब्रेड पुढ्यात घेऊन ते म्हणाले, "बिचारे. अमेरिकेत अजून मागच्या वर्षीचा नाताळ चाललाय. कॅप्टनबाईचा हात तुटलाय हे त्यांना माहीतच नाही."

मी घाबरून इकडेतिकडे पाहिलं. नंतर उलगडा झाला. ही एक ब्रिटिश विज्ञानमालिका होती. जुनाट फेरीबोटीतून ग्रहांमधल्या अंधारात उतारूंची ने-आण करणारी एक कॅप्टनबाई आणि तिचा कुरकुऱ्या मेकॅनिक. आमच्याकडे केबलवर ब्रिटिश चॅनेल दिसायचे, त्यामुळे लंडनला लागली की त्याच क्षणी आल्मेरेत लागायची. अमेरिकेत पोहोचायला तिला वर्ष लागायचं, आणि तीही जाहिरातींसाठी कापून.

शनिवारी संध्याकाळी रेगे कुणाच्या बारशाला जायचे नाहीत की सत्यनारायणाला. पडदे न लावता, शर्ट इस्त्री करून, सोफ्यावर ताठ बसायचे. रस्त्यावरून जाणाऱ्या डच म्हाताऱ्या त्यांना हात करायच्या. त्यांच्या बायकोने, शुभदाताईंनी, मला एकदा सांगितलं, "लग्नातसुद्धा हे एवढे नीट बसले नव्हते."

खरं कारण मालिका नव्हतं. कारण होते न्यू जर्सीतले त्यांचे दादा.

दादा अकरा वर्षांनी मोठे. रेगे शाळेत असतानाच ते अमेरिकेला गेले, आणि त्यानंतर घरात येणारी प्रत्येक गोष्ट दादांकडे आधी येऊन मग यायची. रंगीत टीव्ही, व्हिडिओ, कॉम्प्युटर, इंटरनेट. रेगे हौसेने फोन करून काही सांगायला जायचे आणि दादा म्हणायचे, "हो, आमच्याकडे आलं ते. आता जुनं झालं." भावाभावांत भांडण कधीच नव्हतं. बोलण्यासारखंच काही उरलं नव्हतं. दादा भारतात जाता-येता आम्स्टरडॅमला विमान बदलायचे, पण विमानतळाच्या बाहेर एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. "तुझ्या गावात बघायचं काय?" असं विचारायचे. समुद्र हटवून वसवलेल्या आल्मेरेचं वय रेग्यांपेक्षाही कमी, त्यामुळे रेगे विषय बदलायचे.

अशात एका वर्षी दादांना ही मालिका सापडली, आणि तीही उलट्या बाजूने. तिच्यातून निघालेली एक दुसरी मालिका होती, बंदरावरच्या पहारेकऱ्यांची, मोठ्या माणसांसाठी. अमेरिकन चॅनेलने ती आधी लावली आणि मूळची नंतर. त्यामुळे एका उतारूच्या मरणावर सगळं बंदर रडत होतं आणि दादांना तो उतारू कोण हेच ठाऊक नव्हतं.

"त्याने आधी तेरावं जेवून घेतलं," रेगे मला म्हणाले, "आणि आता बारशाला निघालाय. अमेरिकेत असंच चालतं."

मग दादांचे फोन सुरू झाले. आधी महिन्याने, मग दर आठवड्याला. "तो हिरवा माणूस चांगला की वाईट, एवढंच सांग."

"नाही सांगणार, दादा."

"अरे, मी कुणाला बोलत नाही."

"पुढच्या वर्षी कळेल तुला."

हे वाक्य बोलताना रेग्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं, ते मी प्रमोशन मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही पाहिलं नाही.  दादांनी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं.

दादांकडे मालिकेच्या त्या मोसमाचे शेवटचे दोन भाग राहिले असताना त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी बायपास लगेच करायचं ठरवलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ऑफिसातून परतताना रेगे आणि मी ट्रेनमध्ये होतो. घाईत चढलो तो नेमका शांत डबा, जिथे बोलायची बंदी. रेग्यांचा फोन वाजला. दादाच होते.

"मला शेवट सांग," दादा म्हणत होते. आवाज माझ्यापर्यंत येत होता. "उद्या काय होईल सांगता येत नाही. मेकॅनिक वाचतो की नाही?"

मेकॅनिक वाचत नव्हता. हे मलाही ठाऊक होतं, कारण रेग्यांनी त्या दुःखात दोन दिवस जेवणाचा डबा आणला नव्हता. एक माणूस उतरला तरच बोटीतलं इंधन पुरणार असतं, कॅप्टनबाई त्याला एका ओसाड चंद्रावर सोडते, दार बंद होतं आणि पडद्यावर शेवटची नावं सुरू होतात.

 रेगे म्हणाले, "नीट ऐक. ती त्याला सोडून जाते."

"म्हणजे मेला?" दादा म्हणाले.

"पण मग वळते."

आणि रेगे सांगायला लागले. बोट कशी गचके खात वळली, इंधन नाही म्हणून उतारूंनी आपल्या ट्रंका, गाद्या, लाकडी बाकं भट्टीत कशी घातली. डब्यातल्या एका डच बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. रेग्यांनी फोनवर हात ठेवून त्यांना इंग्रजीत सांगितलं, "माझ्या भावाचं उद्या हृदयाचं ऑपरेशन आहे, आणि त्याला चंद्रावरून आणायचंय." बाईंनी क्षणभर विचार केला. मग मागे वळून, वर्तमानपत्र चाळणाऱ्या एका गृहस्थांनाच त्यांनी गप्प राहायची खूण केली.

"मेकॅनिक पेटीवर बसलाय. त्याला वाटतंय की संपलं," रेगे सांगत होते. "ती उतरते. त्याची कॉलर धरते. म्हणते, चल, मुकाट्याने बस. आणि त्याच्या हातात चहा देते."

"चहा कुठून आणला?" दादांनी विचारलं.

"ब्रिटिश आहेत, दादा. चहा ठेवतात."

आल्मेरे आलं. उतरताना त्या बाईंनी मला हळूच विचारलं, "आणलं का त्याला चंद्रावरून?" मी हो म्हटलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दादा घरी आले, उशीला टेकून त्यांनी शेवटचा भाग पाहिला आणि ताबडतोब फोन केला. "कापलं रे. जाहिरातींपायी कापलं. शेवटची सगळी बोट कापली." त्यांनी चॅनेलला तक्रार केली. त्यांच्या तिथल्या लायब्ररीत या मालिकेची भक्तमंडळी जमायची, त्यांनाही सांगितलं. युरोपात मालिका पूर्ण दाखवतात, अमेरिकेला फसवलं जातंय, असं म्हणत ती सगळी अमेरिकन माणसं खवळली.

"आता काय करू, अनघा?" रेग्यांनी मला विचारलं.

"खरं सांगून टाका."

"तो म्हणाला, तू भाग्यवान, तुला पूर्ण दिसलं. असं तो मला कधी म्हणाला नव्हता."

मग दादांनी मालिकेची डीव्हीडी मागितली. युरोपातली चकती अमेरिकेतल्या मशीनवर चालत नाही, असं रेग्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. आपली सुटका झाली असं त्यांना वाटलं. दादा म्हणाले, "मग मीच येतो."

आणि आले. पहिल्यांदाच विमानतळाबाहेर पडले, तेही हा शेवट बघायला. रविवारी दुपारी शुभदाताईंनी मला जेवायला बोलावलं होतं. उंच, वाळलेले दादा, बायपासनंतर सांगतात तशी छातीशी उशी धरून सोफ्यावर बसले होते. रेग्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी चकती लावली.

मेकॅनिक चंद्रावर राहिला. दार बंद झालं. नावं आली. 

दादा भावाकडे न बघता म्हणाले, "इथेही कापलेलं दिसतंय."

रेगे म्हणाले, "हो. हल्ली सगळीकडेच कापतात."

"मग तूच सांग. ती वळते तिथपासून."

रेग्यांनी टीव्ही बंद केला आणि समोर उभं राहून सांगायला सुरुवात केली. गाद्या पेटल्या, बाकं पेटली. दादांनी मध्येच दोन ट्रंका भट्टीत टाकायला लावल्या. मग ऊन त्यांच्या पायांवर आलं, दगदगही झालीच होती, त्यांची मान हळूहळू उशीवर कलली. शुभदाताई बशा उचलायला उठल्या.

मी हळूच म्हटलं, "रेगे, झोपले ते."

"दिसतंय मला," रेगे म्हणाले. "पण मेकॅनिक अजून चंद्रावरच बसलाय."

आणि आवाज लहान करून त्यांनी बोट पुढे नेली.