सासूबाईंना व्हिएतनामला जायचंय

मैत्रिणींनो, अंगावरचा काटा अजून गेलेला नाही.

मूळ सोनई गावच्या आमच्या सासूबाई रोज मोबाईलवर व्हिएतनामची भातशेती, पाण्यावरचे बाजार बघतात. "एकदा जायचंय गं," म्हणतात. आज माझ्या ऑफिसातली व्हिएतनामची मैत्रीण लान घरी जेवायला आली.

आत येताच ती सासऱ्यांच्या हार घातलेल्या फोटोपुढे थांबली. सोबत आणलेली केळी तिथं ठेवून तिने हात जोडले. "आमच्याकडेही घरातल्या गेलेल्या माणसांना आधी फळ ठेवतात," ती म्हणाली. मी सासूबाईंना मराठीत सांगितलं.

त्या बघतच राहिल्या. "एवढ्या लांब बी असंच हाय?" मग लानचा हात धरून म्हणाल्या, "मी तुझ्या घरी आले, तर तुझ्या मानसांपुढं मला फूल वाहू देशील?"

मी ते लानला तिच्या भाषेत नाही, इंग्रजीत विचारल्यावर तिने डोळे पुसत होकारार्थी मान डोलावली.

पासपोर्टचं उद्याच बघते. व्हिएतनामला नऊवारीत कुणी गेलंय का गं?